साथीतला खेळ: १९१८ आणि २०२०

अमेरिकेतील मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांमधील फुटबॉल सामना १९१८ ते २०१९ या काळात एकाही वर्षी चुकला नाही. महामंदी आली, दुसरे महायुद्ध झाले, तरी हे दोन संघ दरवर्षी समोरासमोर उभे राहिले. २०२० साली मात्र मिशिगनच्या संघात कोविड पसरला आणि १२ डिसेंबरचा सामना रद्द झाला. गंमत अशी की ही अखंड मालिका ज्या वर्षी सुरू झाली, ते १९१८ हे वर्षही महासाथीचेच होते. त्या वर्षी ३० नोव्हेंबरला कोलंबस येथे मिशिगनने १४-० असा विजय मिळवला होता.

एका साथीत सामना झाला, दुसरीत झाला नाही. एवढ्यावरून ‘तेव्हाचे लोक बेफिकीर, आताचे जागरूक’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो चुकीचा ठरेल. साथीत महाविद्यालयीन खेळ व्हावेत की नाहीत, याचा निर्णय दोन्ही वेळी केवळ रोगाकडे पाहून झाला नाही. खेळाडू हा संस्थेच्या लेखी नेमका कोण होता, यावर बरेच काही ठरले. आजचा धागा त्याविषयी.

(ज्यांना फुटबॉल म्हटले की मेस्सी आठवतो त्यांच्यासाठी: हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू हातात धरून पळायचे आणि प्रतिस्पर्ध्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे. श्वासातून पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीचा खेळ शोधणे कठीण.)

१९१८चा इन्फ्लुएन्झा, म्हणजे आपल्याकडे जिला ‘मानमोडी’ म्हणत ती साथ, विचित्र होती. फ्लू सहसा बालकांना आणि वृद्धांना गाठतो. या साथीने २० ते ४० वयाची धडधाकट माणसेही मोठ्या संख्येने नेली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ लाख ७५ हजार मृत्यू झाले आणि त्यांतला सर्वांत भीषण महिना होता ऑक्टोबर. नेमका फुटबॉलचा हंगाम!

त्याच १ ऑक्टोबरला आणखी एक घटना घडली. देशभरातील ५०० हून अधिक महाविद्यालयांत ‘स्टुडंट्स आर्मी ट्रेनिंग कोअर’ सुरू झाले आणि सुमारे १ लाख ४० हजार विद्यार्थी एका दिवसात सैनिक बनले. वसतिगृहांच्या बराकी झाल्या. विद्यार्थ्याला साध्या शिपायाचा पगार, महिना ३० डॉलर, मिळू लागला. साथीच्या ऐन भरात तरुणांना एका छपराखाली दाटीवाटीने झोपवण्याची ही योजना होती. पण युद्ध चालू असताना तिला कोण अडवणार?

फुटबॉलने सैनिक कणखर होतो, अशी युद्ध खात्याची धारणा होती. म्हणून खेळ बंद झाला नाही. खात्याने ऑक्टोबरमधील दूरच्या प्रवासांवर बंधने घातली, पण ती कवायत आणि अभ्यास बुडू नये म्हणून. रोगाच्या भीतीने नव्हे. सामने थांबवले ते शहरांच्या आणि राज्यांच्या आरोग्याधिकाऱ्यांनी, गर्दीवर बंदी घालून. त्यामुळे त्या हंगामाचे वेळापत्रक चाळणीसारखे दिसते. मिशिगनने ५ ऑक्टोबरला एक सामना खेळला, त्यानंतरचा थेट ९ नोव्हेंबरला. पिट्सबर्गचा तर पहिलाच सामना ९ नोव्हेंबरला झाला. मिझुरीच्या वाट्याला एकही आला नाही. दुसरीकडे जॉर्जिया टेकच्या मैदानावरचे त्याच वर्षीचे एक छायाचित्र आज प्रसिद्ध आहे: प्रेक्षक मुखपट्ट्या लावून, खांद्याला खांदा भिडवून बसलेले.

या साऱ्यात खेळाडूचे मत कुठे होते? कुठेच नाही. तो गणवेशात होता आणि गणवेशातल्या माणसाला मत विचारत नाहीत.

आता २०२०कडे येऊ. १२ मार्चला एनसीएए या संघटनेने आपली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा रद्द केली. १९३९ मध्ये सुरू झाल्यापासून ती प्रथमच बंद पडली. हिच्या प्रक्षेपण हक्कांतून संघटनेला बहुतेक उत्पन्न मिळते. परिणामी विद्यापीठांना वाटायचे ६० कोटी डॉलर २२.५ कोटींवर आले. शरद ऋतूत फुटबॉलची वेळ आली तेव्हा हा घाव ताजा होता. जुलैमध्येच आयव्ही लीगने शरदातील सर्व खेळ स्थगित केले होते, पण हार्वर्ड-येलचे पोट फुटबॉलवर भरत नाही. ज्यांचे भरते त्यांचा निर्णय डळमळत राहिला. ११ ऑगस्टला ‘बिग टेन’ने हंगाम पुढे ढकलला आणि १६ सप्टेंबरला तो निर्णय फिरवला.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते खेळाडूंनी त्या ऑगस्टमध्ये काय म्हटले. पश्चिम किनाऱ्यावरच्या खेळाडूंनी ‘वी आर युनायटेड’ म्हणत आरोग्यसुरक्षा आणि उत्पन्नात वाटा मागितला. आठवड्याभरात ‘वी वाँट टू प्ले’ ही घोषणा निघाली. बातम्यांनी एक गट घाबरट, दुसरा शूर असे चित्र रंगवले. प्रत्यक्षात दुसऱ्या निवेदनातही सर्वांसाठी समान आरोग्यनियम, माघार घेण्याची मुभा आणि शेवटी खेळाडूंची स्वतःची संघटना, अशा मागण्या होत्या. राजकारण्यांनी घोषणा तेवढी उचलली. मागण्या तिथेच राहिल्या.

बिग टेनने परतताना रोज चाचणी आणि बाधित खेळाडूच्या हृदयाची तपासणी सक्तीची केली. हे चांगलेच झाले. पण त्याच आवारांत इतर विद्यार्थ्यांचे वर्ग बव्हंशी पडद्यावर भरत होते आणि रोजची चाचणी त्यांच्या नशिबी नव्हती. आवार विद्यार्थ्यांसाठी धोक्याचे आणि खेळाडूंसाठी सुरक्षित, असे असेल तर खेळाडू ‘विद्यार्थी’ कसा? नियमांप्रमाणे मात्र तो विद्यार्थीच होता, म्हणून त्याला पगार नव्हता. १९१८च्या शिपायाला निदान ३० डॉलर तरी मिळत होते.

हंगाम पार पडला. ११ जानेवारी २०२१ रोजी अंतिम सामन्यात अलाबामाने ओहायो स्टेटला ५२-२४ असे हरवले. आठ दिवसांनी अमेरिकेतील कोविडबळींची संख्या ४ लाखांवर गेली. त्याच वर्षी २१ जूनला सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंना मिळणाऱ्या शैक्षणिक लाभांवरील एनसीएएची मर्यादा ९ विरुद्ध ० मतांनी बेकायदा ठरवली आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, स्वतःच्या चेहऱ्यावर पैसे कमावण्याची परवानगी मिळाली.