'हळूहळू' म्हणजे किती सेकंद? : रंगप्रकाशाच्या गतीचा इतिहास

मराठी नाटकांच्या छापील संहितांमध्ये अंकाच्या अखेरीस कंसात एक सूचना वारंवार भेटते. प्रकाश हळूहळू मंदावतो आणि अंधार होतो, अशा अर्थाची ती सूचना असते. वाचक ती नजरेखालून घालतो आणि पान उलटतो. वर्गातही संवादांवर तासन्‌तास चर्चा होते, या कंसावर क्वचितच. प्रयोगात मात्र त्या 'हळूहळू'चे सेकंदांत रूपांतर कोणाला तरी करावेच लागते. चार सेकंदांत झालेला अंधार आणि चाळीस सेकंदांत उतरलेला अंधार यांचा अर्थ एकच नसतो. पहिल्यात प्रसंग संपतो. दुसऱ्यात प्रसंग संपूनही पात्र आपल्यासमोर उरते.

आज हे काम प्रकाशयोजनेचे सॉफ्टवेअर करते आणि त्यात 'टाइम', 'स्पीड', 'रेट' अशा नावांची नियंत्रणे असतात. नवख्या माणसाला ती एकाच गोष्टीची निरनिराळी नावे वाटतात. तशी ती नाहीत. त्यांच्यातला भेद ध्यानात यायचा, तर गती ही गोष्ट माणसाच्या हातातून आकड्यात कशी गेली, हे पाहावे लागते.

युरोप-अमेरिकेतील नाट्यगृहांत १८१६-१७च्या सुमारास गॅसचे दिवे आले. मेणबत्ती विझवता येते, पण शंभर मेणबत्त्या एकाच वेळी मंद करता येत नाहीत. गॅसचे तसे नव्हते. निरनिराळ्या दिव्यांच्या नळ्या एका जागी आणून तेथील तोट्या फिरवल्या की सबंध रंगमंचाचा उजेड कमी-जास्त होई. प्रकाशाला 'गती' खऱ्या अर्थाने मिळाली ती येथे. लंडनच्या लायसियम नाट्यगृहाची सूत्रे १८७८मध्ये हाती घेणाऱ्या हेन्री आयर्विंगने प्रेक्षागृह अंधारात ठेवण्याचा आणि प्रकाशाच्या स्वतंत्र तालमी घेण्याचा आग्रह धरला. त्याचा व्यवस्थापक होता 'ड्रॅक्युला'चा लेखक ब्रॅम स्टोकर. आयर्विंगच्या प्रकाशयोजनेवर स्टोकरने पुढे १९११मध्ये एक लेखही लिहिला. त्या काळातली गती तोटी फिरवणाऱ्याच्या मनगटात होती. तालमीत ती घोटली जाई. कागदावर ती नेमकी उतरत नसे.

लंडनच्याच सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१च्या अखेरीस रंगमंच विजेच्या दिव्यांनी उजळला. विजेच्या प्रवाहाला रोध करून दिवा मंद करणारे डिमर आले, आणि त्यांच्याबरोबर एक नवी अडचणही आली. अनेक डिमरांचे दांडे एका लांब आसाला अडकवून एकच मोठे चाक फिरवले की सारे दिवे एकत्र हलत, पण ते एकाच वेगाने. खिडकीतली संध्याकाळ तीन मिनिटांत सरावी आणि टेबलावरचा दिवा त्यातल्या शेवटच्या दहा सेकंदांत उजळावा, असे हवे असेल, तर दुसरा हात लागे. तिसऱ्या हालचालीसाठी दुसरा माणूस.

याच सुमारास स्वित्झर्लंडचा आडॉल्फ आपिया वेगळा प्रश्न विचारत होता. १८९९मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या संगीत आणि रंगमंचन यांवरील ग्रंथात त्याने मांडले, की संगीतनाट्यात काळाचे माप स्वरलिपीतच लिहिलेले असते. प्रकाशानेही त्या मापाने चालावे. ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊ येथे १९१२-१३मध्ये ग्लुकच्या 'ऑर्फियस'चा प्रयोग झाला, तेव्हा कापडी भिंतींमागे हजारो दिवे लावून ही कल्पना प्रत्यक्षात आणली गेली. प्रकाश ही वाजवण्याची गोष्ट आहे, हा विचार तेथून रुजला. लंडनच्या फ्रेडरिक बेंथमने तो अक्षरशः घेतला. १९३५मध्ये त्याने सिद्ध केलेला 'लाइट कन्सोल' ऑर्गनच्या मांडणीवर बेतलेला होता. पट्ट्या दाबून दिवे निवडायचे. डिमर फिरवण्याचे काम मोटरीचे. गती प्रथमच डिमरच्या दांड्यापासून सुटून वेगळे नियंत्रण बनली. कोणते दिवे, हा एक निर्णय. किती वेगाने, हा दुसरा. आजच्या सॉफ्टवेअरमधल्या 'स्पीड'चा हा पूर्वज.

येल विद्यापीठात जॉर्ज आयझेनॉर यांनी १९४७मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा पट सिद्ध केला. त्यात पुढच्या प्रसंगांच्या प्रकाशपातळ्या आधीच लावून ठेवता येत. एका मांडणीतून दुसरीत जायचे ते एक दांडी सरकवून. म्हणजे 'कोठून कोठे' हे आता यंत्राला ठाऊक होते; 'किती वेळात' हे मात्र अजून हातालाच ठाऊक होते.

नेमक्या याच टप्प्यावर नाटककाराने तो वेळ आपल्या हाती घेतल्याचे एक उदाहरण साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. सॅम्युएल बेकेटचे 'ब्रेथ' हे अर्ध्या-एक मिनिटाचे नाटक १९६९मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम सादर झाले. त्यात पात्र नाही, संवाद नाही. कचरा, एक क्षीण हुंकार, श्वास आणि प्रकाश एवढेच. श्वास आत घेतला जात असताना प्रकाश सुमारे दहा सेकंदांत वाढतो, सुमारे पाच सेकंद स्थिरावतो आणि उच्छ्वासाबरोबर सुमारे दहा सेकंदांत उतरतो. अंधार शून्य आणि लख्ख उजेड दहा धरला, तर प्रकाश सुमारे तीनपासून सहापर्यंत जाऊन परतावा, असेही बेकेटने सांगितले आहे. येथे 'हळूहळू' हा शब्द पुरेसा नाही. संहिताच प्रकाशाचे टिपण झाली आहे.

१९७५मध्ये ब्रॉडवेवरील 'अ कोरस लाइन'साठी थॅरन मसर यांनी स्मृती असलेला संगणकीय नियंत्रक वापरला. ब्रॉडवेवर तो पहिलाच. पातळ्यांबरोबर बदलाचा वेळही आता साठवला जाऊ लागला. प्रत्येक नोंदीला, म्हणजे 'क्यू'ला, चढण्याचा आणि उतरण्याचा वेळ वेगवेगळा देता येऊ लागला. बटण एकदा दाबायचे. बाकी यंत्र पाहते.

मग 'स्पीड' कशाला उरले? नट माणूस असतो म्हणून. आज तो वाक्याआधी दोन सेकंद अधिक थांबतो, उद्या थांबत नाही. साठवलेले दहा सेकंद त्याची वाट पाहत नाहीत. म्हणून सॉफ्टवेअरने हाताला परत जागा दिली, ती गुणकाच्या रूपाने. आपल्या संगीतातली ठाय-दुगुन आठवावी. दुगुन करताना ठेक्याचे बोल बदलत नाहीत, त्यांचा क्रम आणि परस्परप्रमाणही बदलत नाही. तेच बोल निम्म्या वेळात येतात. 'टाइम' म्हणजे लिहिलेले सेकंद; 'रेट' म्हणजे ती दुगुन. 'ब्रेथ'मधला दहा सेकंदांचा चढ शंभर टक्के गतीला दहा सेकंद घेईल, दोनशेला पाच, पन्नासला वीस. शून्यावर प्रकाश आहे तेथे थबकेल. पहिले चार सेकंद मूळ गतीने गेल्यावर दुगुन केली, तर उरलेले सहा सेकंदांचे काम तीन सेकंदांत होईल आणि एकूण सात लागतील. नवख्याचा गोंधळ येथेच होतो. काही प्रणालींत 'स्पीड'च्या चौकटीत सेकंद लिहायचे असतात, तेव्हा मोठा आकडा म्हणजे मंद गती. जेथे टक्के किंवा मिनिटाला ठोके लिहायचे, तेथे मोठा आकडा म्हणजे जलद. एकापाठोपाठ एक लागणाऱ्या दिव्यांच्या मालिकेला मिनिटाला १२० ठोके दिले, की प्रत्येक पायरी अर्ध्या सेकंदाची होते.

आकड्यांनाही मर्यादा आहेत. अमेरिकेतील रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६मध्ये ठरवलेल्या डीएमएक्स ५१२ या संकेतप्रणालीत दिव्याची पातळी साधारणतः शून्य ते २५५ या आकड्यांत जाते. म्हणजे बेकेटचा तीन ते सहा हा चढ जेमतेम पाऊणशे पायऱ्यांचा. दहा सेकंदांत त्या सेकंदाला सात-आठ पडतात. गती निम्मी केली की चारांहूनही कमी. जुन्या दिव्याची तार तापायला आणि निवायला वेळ घेई, त्यामुळे पायऱ्या आपोआप पुसल्या जात. एलईडीला ती सवड नाही. मंद उजेडात तिची प्रत्येक पायरी डोळ्यांना टोचते. त्यावर उपाय म्हणून दोन वाहिन्या जोडून ६५,५३६ पातळ्या वापरतात, किंवा दिव्यातच तारेच्या आळसाची नक्कल घडवतात.

म्हणजे जुन्या प्रयोगाची नोंदवही हाती आली आणि तिच्यातले सारे सेकंद तंतोतंत पाळले, तरी तो अंधार परत येईलच असे नाही. ते सेकंद एका विशिष्ट दिव्याचे, एका विशिष्ट नटाच्या श्वासाचे होते. संहितेतल्या शब्दाप्रमाणे आकड्याचाही अर्थ लावावा लागतो, आणि तो दरवेळी नव्याने.

नाटक शिकवणाऱ्यांना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी अंकाच्या अखेरीचा तो कंस आला, की विद्यार्थ्यांना समासात सेकंद लिहायला सांगावेत आणि तेवढेच का, हे विचारावे. वर्गातले आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. नाटकाची चर्चा त्या न जुळण्यापासून सुरू करता येईल.