कोणती आठशे घ्यावी?

२०११ च्या उन्हाळ्यात वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि हाती आलेल्या पैशांतून एक जुनी मारुती ८०० घ्यायची, असं घरात ठरलं. आमचं गाव मेहकर तालुक्यातलं, म्हणजे घाटावरचं. बुलढाणा जिल्ह्यात पाहुणा भेटला की त्याचा तालुका नंतर विचारतात. आधी घाटावरचा की घाटाखालचा, हे विचारतात. गाड्या पाहायला मात्र आम्ही घाटाखाली, खामगावला गेलो. वडिलांचा एक जुना विद्यार्थी तिथे गॅरेज चालवायचा, आणि शिकवलेल्या पोराशिवाय कुणाच्या शब्दावर पैसे टाकायची वडिलांची तयारी नव्हती.

त्याने तीन गाड्या दाखवल्या. पहिली १९९८ ची, कार्बोरेटरवाली, रंग विटलेला. दुसरी २००१ ची, पाच गिअरची, मुंबईच्या नंबरची, चकाचक. तिसरी २००७ ची, चार गिअरची, एमएच-२८, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली, पण किमतीने वडिलांच्या आकड्याच्या बरीच वर. मी अर्थातच चकाचक गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. वडिलांनी विचारलं, ‘‘यातली चांगली कोणती?’’ त्यावर तो म्हणाला, ‘‘गुरुजी, चांगली कोणती हे मले नका विचारू. गाडी बंद पडली तं कुठी पडन, ते सांगा.’’

त्या वेळी मला हा प्रश्न टाळाटाळीचा वाटला. पुढे या गाडीचा इतिहास वाचत गेलो तसं लक्षात आलं, की नेमका तोच प्रश्न विचारायला हवा होता.

मारुती ८०० ही एकच गाडी होती, असं आपण समजतो. प्रत्यक्षात तीस वर्षांत त्या नावाच्या निदान पाच-सहा वेगवेगळ्या गाड्या रस्त्यावर आल्या. १९७१ मध्ये संजय गांधींनी काढलेली मारुती कंपनी गाडी बाजारात आणू शकली नाही. १९८० मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर सरकारने ती ताब्यात घेतली, १९८१ मध्ये मारुती उद्योग स्थापन झाला आणि १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. सुझुकीचा हिस्सा तेव्हा २६ टक्के होता. १९८३ मध्ये नोंदणी सुरू झाली तेव्हा गाडी पाहिलेलीही नसताना लाखाहून अधिक लोकांनी दहा-दहा हजार रुपये आगाऊ भरले. १४ डिसेंबर १९८३ रोजी, म्हणजे संजय गांधींच्या जन्मदिनी, इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या गाडीची किल्ली दिली. सोडतीत त्यांचं नाव निघालं होतं. किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती.

तोवर आपल्याकडे गाडी म्हणजे अँबेसेडर, नाहीतर फियाट. फियाट बनायची मुंबईत कुर्ल्याला, आणि ती बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. म्हणजे मराठी मुलुखातली गाडी मागे पडली आणि गुरगावच्या कारखान्यातली पुढे गेली. याचं फारसं दुःख कुणी केल्याचं मला आठवत नाही, कारण नवी गाडी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची.

पहिली ८०० चौकोनी डब्यासारखी होती. सुरुवातीला ती जपानहून आलेल्या सुट्या भागांतून जोडली जाई. १९८६ मध्ये तिच्या जागी गुळगुळीत कोपऱ्यांची दुसरी पिढी आली. आपल्या डोळ्यांपुढे ‘मारुती’ म्हटल्यावर येते ती हीच. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद जेमतेम ३७ अश्वशक्ती, गिअर चार, चाकं १२ इंची. १९९७ च्या सुमारास तिचा चेहरा थोडा गोल झाला. इथवरचे बदल कंपनीने आपल्या मर्जीने केले. यानंतरचा प्रत्येक मोठा बदल एखाद्या नियमाच्या तारखेला झाला, आणि त्या तारखा मोठ्या शहरांसाठी वेगळ्या आणि आपल्यासाठी वेगळ्या होत्या.

१९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आलं. देशभरात शिसं जायला २००० साल उजाडलं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो नियम लवकर लागू करायला लावले आणि २००० मध्ये ८०० ला कार्बोरेटरच्या जागी एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. त्याच सुमारास पाच गिअरची, १२ व्हॉल्व्हची, ४५ अश्वशक्तीची ‘ईएक्स’ निघाली. ती थोडीच वर्षं चालली, पण जाणकार आजही तिलाच सर्वांत चपळ ८०० मानतात. खामगावात मी जिच्यापाशी उभा राहिलो होतो ती हीच. पुढे २००८ मध्ये एलपीजीवर चालणारी ‘ड्युओ’ आली.

मग २०१० उजाडलं. एप्रिलपासून देशातल्या १३ शहरांत बीएस-४ नियम लागू झाला. ८०० चं इंजिन तिथवर न्यायचं नाही, असं कंपनीने ठरवलं आणि त्या शहरांत तिची विक्री थांबली. त्यांत महाराष्ट्रातली तीन शहरं होती: मुंबई, पुणे आणि सोलापूर. बुलढाणा अर्थातच नव्हतं. त्यामुळे पुण्यात जी गाडी नवी मिळेनाशी झाली, ती आमच्या जिल्ह्यात पुढची जवळपास चार वर्षं शोरूममधून नवी मिळत होती. १८ जानेवारी २०१४ रोजी उत्पादन थांबलं. शहरांनी नाकारलेली गाडी शेवटपर्यंत विकत घेतली ती तालुक्याच्या गावांनी. जुन्या गाड्यांचंही असंच झालं. दिल्लीत पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आल्यावर त्या ना-हरकत दाखला घेऊन बाहेरच्या राज्यांकडे निघाल्या. हवा शहराची स्वच्छ व्हावी हे रास्तच आहे. पण शहराला नको झालेली गाडी नाहीशी होत नाही. ती कुणाच्या तरी अंगणात जाऊन उभी राहते.

वडिलांनी त्या दिवशी त्याच्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकासारखंच दिलं, रस्ते मोजून. गाव ते मेहकर, मेहकर ते बुलढाणा, वर्षातून दोनदा राजूर घाट उतरून मलकापूरला रेल्वे गाठायला. गाडी बंद पडली तर यांतल्याच एखाद्या फाट्यावर पडणार. २०११ मध्ये त्या प्रत्येक फाट्यावर कार्बोरेटर उघडून, फुंकून, पुन्हा बसवणारा माणूस होता. कारण शाळेच्या मुलांपासून रुग्णांपर्यंत सगळ्यांना वाहून नेणारी मारुती व्हॅन याच ७९६ सीसी कुळातली. तिच्यावर हात बसलेले मिस्त्री गावोगाव होते. एमपीएफआयचा सेन्सर गेला तर मात्र स्कॅनर लागे, आणि तो मोठ्या गावातच असे. वडिलांनी विटक्या रंगाची १९९८ ची गाडी घेतली. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही.

घाट चढताना एसीचा प्रश्नच नव्हता, कारण तिला एसी नव्हता. दुसऱ्या गिअरमध्ये, काचा खाली करून, ती चढत राहिली. पुढच्या बारा वर्षांत ती चार-पाचदा रस्त्यात थांबली असेल, आणि प्रत्येक वेळी तासाभरात कुणीतरी सुरू करून दिली. आईची सगळी दवाखान्याची ये-जा त्याच गाडीतून झाली. वडील गेल्यावर ती विकावी की ठेवावी, यावर घरात अजून एकमत नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने तोच प्रश्न विचारला. त्याला शिकाऊ हाताने चालवायला, थोड्या पैशांत ८०० हवी होती. मी वडिलांचं उत्तर जसंच्या तसं देणार होतो, पण ते आता चुकीचं ठरलं असतं. व्हॅनचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. कार्बोरेटरवर कान लावून दोष ओळखणारी पिढी थकली, आणि स्कॅनर तालुक्याच्या गॅरेजात पोचला. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि गॅस्केट त्यासाठी बनलेले नाहीत. खर्चही वाढला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्याची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या गाडीसाठी १०,०००. शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा.

म्हणून त्याला सांगितलं: २०१० ते २०१३ मधली, चार गिअरची, साधी गाडी शोध, आणि ती पुण्यात शोधू नकोस, तिथे मिळणार नाही, एमएच-२८ मध्ये शोध. ईएक्स दिसली तर मोह होईल, पण तिचे खास भाग मिळतात का, ते आधी विचार. ड्युओ घेण्याआधी रोजच्या वाटेवर एलपीजीचा पंप आहे का, ते पाहा. २००० ते २००५ मधल्या गाडीच्या कागदावरच्या वर्षावर जाऊ नको, बॉनेट उघड; वर मोठा गोल एअर क्लीनर आणि डॅशबोर्डवर चोकची खुंटी असेल तर ती कार्बोरेटरची. बॅटरीखालचा पत्रा आणि पायाखालची जमीन मॅट उचलून पाहा. कोकणातून, मुंबईतून आलेली गाडी असेल तर दोनदा पाहा. शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाण पट्ट्यात बोअरच्या पाण्याने धुतलेली असेल तरीही. आणि टायरवरचे शेवटचे चार आकडे वाच: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असलेला दहा वर्षांचा टायर गावात चालून जातो, समृद्धी महामार्गावर मेच्या दुपारी नाही.

त्याला २०१२ ची मिळाली, चिखलीहून. तिची पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरतील, आणि वडिलांच्या गाडीचं पुढचं नूतनीकरण २०२८ मध्ये आहे. गाडी दाखवायला तो मला घेऊन खामगावला गेला. गॅरेज आता मिस्त्रीचा मुलगा पाहतो. त्याने स्कॅनर लावला, पडद्यावर दोष नाही असं आलं. बाप बाजूला खुर्चीवर बसला होता. तो उठला, बॉनेटपाशी येऊन थोडा वेळ इंजिन ऐकत राहिला आणि मग भाच्याला म्हणाला, ‘‘गाडी बरी हाये. पण बंद पडली तं कुठी पडन, ते पाहून ठेव.’’