मूल सांभाळणार कोण?

दुसरं मूल कधी, हे आमच्या कचेरीत बहुतेकदा सासूबाईंच्या गुडघ्यांवर ठरतं! मूल सांभाळायचं कोणी, हा प्रश्न काही नवा नाही.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. गरीब वस्त्यांतली मुलं येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी. पण मोठ्या मुली तरी शाळेबाहेरच, कारण आईबाप मजुरीला आणि हिच्या कडेवर धाकटं भावंड. म्हणजे सांभाळण्याचा खर्च सातआठ वर्षांची पोर भरत होती, स्वतःचं शिक्षण देऊन. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकटं पाळण्यात, थोरली वर्गात. मला हा तोडगा अंगणवाडीपेक्षाही मोठा वाटतो.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिने अंगणवाडी हे नाव घेतलं. आहार, लसीकरण घेतलं. ते हवंच होतं. पाळणाघर मात्र मागे राहिलं. आमच्याकडची अंगणवाडीसुद्धा दुपारी बंद होते, आणि नोकरी करणारी आई घरी पोचते दिवेलागणीला.