चष्म्याचा नंबर आणि कायदा

भिवंडीतील धामणकर नाक्यासारख्या गजबजलेल्या परिसरात ‘संगणकाद्वारे मोफत नेत्रतपासणी’ या पाटीचे नावीन्य उरलेले नाही. यंत्रमागाच्या या शहरात तुटलेला धागा चटकन दिसणे हा रोजीरोटीचा प्रश्न. त्यामुळे चाळिशी लागलेला कामगार रुग्णालयात खाडा करण्यापेक्षा थेट दुकान गाठतो. मात्र नंबर काढणारा कोण, हे सहसा कोणी विचारत नाही.

नेत्रतज्ज्ञ हा नोंदणीकृत डॉक्टर असतो. ऑप्टोमेट्रिस्ट दृष्टी तपासून नंबर ठरवतो, तर ऑप्टिशियनने त्या नंबरानुसार भिंगे बसवून चष्मा द्यावयाचा असतो. प्रत्यक्षात काउंटरमागील एकच व्यक्ती दोन्ही कामे उरकते, ही खरी गोम. मोजके कामगार असलेल्या छोट्या दुकानाला राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार व्यवसाय सुरू केल्याची केवळ सूचना द्यावी लागते. भिंतीवर लावलेली त्याची पावती म्हणजे डोळे तपासण्याच्या पात्रतेचा दाखला नव्हे.

संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश असून शिक्षणाचा किमान दर्जा आणि नोंदणी यांची तरतूद आहे. राज्यांनी परिषदा स्थापण्यात मात्र दिरंगाई केली. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. ब्रिटनमध्ये अशा नोंदणीचा कायदा १९५८ मध्येच झाला. तेथे सोळा वर्षांखालील मुलांचा चष्मा नोंदणीकृत व्यक्तीच्या देखरेखीविना देता येत नाही.

मुलांबाबतची ही दक्षता अनाठायी नाही. यंत्राने दाखवलेला नंबर हा प्राथमिक अंदाज असतो. लहान मुले यंत्रात पाहताना डोळ्यावर ताण देत असल्याने उणे नंबर वाढून येऊ शकतो. म्हणून डॉक्टर बाहुली विस्फारणारे थेंब घालून पुन्हा तपासतात. मधुमेहींचा नंबर साखरेबरोबर बदलतो, आणि काचबिंदूचा सुगावा नंबराच्या तपासणीत लागतोच असे नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स ‘वैद्यकीय उपकरण’ ठरत असल्याने २०१७ च्या नियमांखाली येतात. चुकीच्या चष्म्याबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. त्यासाठी पक्के बिल आणि नंबराचा लेखी कागद हवा. धामणकर नाक्यावरील ग्राहकाने चष्म्याची किंमत ठरवण्याआधीच तो मागून घेणे इष्ट. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.