अन्नवस्त्रातलं वस्त्र

ऊन तापायला लागलं की आपल्या गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो बहुधा एकटीनं घर चालवणारी बाईच काढते. लेकरं दोन, हातात काम थोडं, नेसूचं घामानं विरलेलं, आणि जूनमध्ये शाळेचा गणवेश दारात उभा. स्वतःसाठी काय घ्यायचं, की यंदाही राहू द्यायचं? भाव आणि बाजार आपण नेहमीच सांगतो. आज आम्ही जरा मागचं सांगणार आहोत. विधवा, टाकलेली, नवरा परागंदा झालेली अशा बायांनी आजवर उन्हाळ्यात काय नेसलं आणि ते त्यांना कुठून मिळालं, याचा इतिहास.

सुरुवात एका शब्दापासून करू. पोटगीला आपल्याकडे जुना शब्द आहे अन्नवस्त्र. फिर्याद करायची झाली तर म्हातारी माणसं म्हणायची, तिनं अन्नवस्त्राचा दावा लावलाय. अन्नाला लागूनच वस्त्र आहे. कपड्याला कुणी हौस म्हटलेलं नाही. १९५६ साली हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा झाला, त्यातही निर्वाह म्हणजे काय हे सांगताना अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधपाणी असं मोजून लिहिलं आहे.

पण कागदावरचं वस्त्र आणि अंगावरचं वस्त्र यांत फरक पडतो. ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेला तांबडं अलवण मिळायचं, चोळी नाही, काठपदर नाही. तिला वस्त्र दिलं जायचं हे खरं, पण ते कोणतं हे ठरवणारे दुसरे. इतर जातींत रीत वेगवेगळी होती, तरी हिरवं नको, झळझळीत नको, हे थोड्याफार फरकानं सगळीकडेच. आजही एखाद्या विधवेनं पिवळी साडी नेसली तर ओट्यावर कुजबुज होते, ती याच मुळाची.

हे बदललं ते बाईच्या हाताला काम मिळालं तिथं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं आणि दुष्काळातून आणलेल्या बायामुली तिथं विणायला, शिवायला शिकल्या. १८९६ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढं हिंगण्याला गेला. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथंही शिवणाचे वर्ग होते. गावोगावच्या शिवणवर्गांची पायवाट इथूनच निघते. शिलाई मशीन तेव्हा महाग होतं, सिंगर कंपनी ते हप्त्यानं द्यायची. १९३० नंतरच्या दशकात उषाचं देशी मशीन आलं. एकट्या बाईच्या घरात मशीन आलं की दोन गोष्टी व्हायच्या. चार पैसे यायचे आणि लेकरांच्या अंगावर नीट कपडा यायचा. ती स्वतः मात्र जुन्यावरच राहायची. ही खोड अजून गेलेली नाही, पण तो विषय वेगळा.

आता लुगड्याकडे येऊ, कारण काटकसरीचं खरं शास्त्र तिथं आहे. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर सुती कापड. मागावरचं असायचं, पुढं इचलकरंजी आणि मालेगावच्या यंत्रमागांचंही येऊ लागलं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला, आणि यंत्रावरचं लुगडं साध्या घरांत पोचायला लागलं. असं एक लुगडं घेतलं की ते कितीदा जन्म घ्यायचं बघा. पहिल्यांदा सणावाराला. मग रोजच्या नेसण्याला. बसून बसून मधला भाग विरला की तेवढा कापून काढायचा आणि दोन्ही बाजूंचे धड तुकडे जोडायचे. याला दंड घालणं म्हणत. काही वेळा दोन जुन्या लुगड्यांचं मिळून एक दंडाचं लुगडं व्हायचं. ते दारिद्र्याची खूण समजत, म्हणून बाया शिवण निरीत लपेल अशी नेसायच्या. त्याच्याही पुढं गेलं की काठ काढून ठेवायचा, धड भागाचं लेकराचं झबलं, मुलीचा परकर, तान्ह्याचे लंगोट. उरलं ते गोधडीत, आणि अगदी शेवटी पोतेरं.

उन्हाळ्याच्या दृष्टीनं यातली खुबी अशी की सुती कापड जितकं जुनं तितकं मऊ आणि थंड. नव्या कोऱ्या कपड्याला खळ असते, ती अंगाला टोचते. तान्ह्याला वैशाखात नवीन झबल्यापेक्षा आजीच्या लुगड्याचं झबलं मानवतं, ते याच कारणानं. म्हणजे सगळ्यात स्वस्त कपडा हा उन्हाळ्यात सगळ्यात सुखाचा होता. रंग उडालेल्या लुगड्याला पुन्हा रंग द्यायचीही रीत होती, रंगाऱ्याकडून किंवा घरी रंगाची पुडी आणून.

दुसऱ्या महायुद्धात ही सगळी घडी विस्कटली. कापड सैन्याकडं जाऊ लागलं, बाजारात मिळेना, मिळालं तर काळ्या बाजारानं. १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं, गिरणीच्या कापडावर किमतीचा छाप मारणं सक्तीचं झालं आणि रेशनवर माणशी वार ठरले. १९४८ च्या सुरुवातीला नियंत्रण उठवलं तर भाव भडकले, त्याच वर्षी ते पुन्हा आणावं लागलं. आपल्याला यातून एक गोष्ट बघायची आहे. कापड कार्डावर आलं, आणि कार्ड घरातल्या पुरुषाच्या नावाचं. जी माहेरी परत आली होती, जिचं नाव अजून सासरच्या कार्डात अडकलं होतं, तिचा वाटा कुणी घ्यायचा? जिथं कार्ड तिथं कापड. शिधापत्रिकेवर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख असावी हे कायद्यात यायला २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा उजाडला. तोवर रेशनचं कापड केव्हाच बंद झालं होतं.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-आज्या खडी फोडायला गेल्या, नालाबांधाच्या कामाला गेल्या. रोजगार हमीचा कायदा पुढं १९७७ साली झाला. उन्हातल्या कामाला साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घालायचा, लांब बाह्यांचा, ही रीत अजूनही शेतात दिसते. हात भाजत नाहीत, चोळी फाटत नाही. आम्हाला विचाराल तर गावच्या बाईनं शोधलेला उन्हाळ्याचा सगळ्यात हुशार कपडा तोच, आणि त्याला पैसा पडत नाही. पण महत्त्वाचं हे की मस्टरवर तिचं स्वतःचं नाव होतं. आठवड्याचा पगार तिच्या हातात यायचा आणि बाजारच्या दिवशी लुगडं कोणत्या रंगाचं घ्यायचं हे कुणाला विचारावं लागत नव्हतं.

त्याच सुमारास, १९७६ साली, केंद्र सरकारनं हातमागाच्या जनता कापडाची योजना आणली. सवलतीच्या दरात जनता साडी आणि जनता धोतर मिळू लागलं. पोत जाडाभरडा होता, तक्रारी पुष्कळ असत, पण सुती होतं आणि परवडत होतं. नव्वदच्या दशकात ही योजना बंद होत गेली. तोवर बाजार बदलला होता. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या ढासळल्या, १९८५ च्या वस्त्रधोरणानं कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली, आणि सुरतेच्या साड्यांचे गठ्ठे आठवडी बाजारात उतरले.

त्या साडीला नावं ठेवणं सोपं आहे. आम्ही ठेवणार नाही. ती वाळते लवकर, इस्त्री लागत नाही, रंग जात नाही, आटत नाही आणि वर्षानुवर्षं फाटत नाही. सकाळी धुऊन दुपारी नेसायची वेळ ज्या बाईवर येते तिला हे फार मोठं सुख आहे. पण ती घाम पीत नाही, उन्हात अंगाला चिकटते, आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर वितळून कातडीला धरते. आणि तिला दुसरा जन्म नाही. तिचं झबलं होत नाही, लंगोट होत नाही, आणि गोधडी केली तरी ऊब देत नाही. म्हणून दुकानात एक सुती साडी महाग आणि एक सुरती स्वस्त दिसते, तेव्हा सुती साडीत लेकराची झबली आणि उशीचे अभ्रेही धरून हिशेब करा. बाहेर जायला सुरती, घरात आणि रानात सुती, असं वाटून घेणाऱ्या बाया आमच्या पाहण्यात आहेत. आम्हाला ते पटतं. बोहारणीला भांड्यासाठी साड्या देतानाही सुती मागं ठेवा, बाकीच्या द्या.

राहता राहिला गाऊन. कुणी मॅक्सी म्हणतं. सुती, सैल, एका साडीच्या पैशात दोन येतात, निऱ्या नाहीत, पदर नाही, परकराचा खर्च नाही. एकट्या बाईच्या उन्हाळ्याला याहून सोपं काय? तरी नवी मुंबईतल्या एका गावात २०१४ साली दिवसा गाऊन घालून बाहेर येणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड ठरला होता, आणि तो ठरवण्यात पुढाकार महिला मंडळाचा होता. अलवण घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, इथं मात्र आपल्यासारख्याच बाया बसून ठरवत होत्या. ज्या बाईचा कैवार घ्यायला घरात कुणी नाही, तिच्या दारात असा दंड आधी पोचतो. आपल्या गटात हा विषय निघाला तर हे ध्यानात ठेवावं असं आम्हाला वाटतं.

आणि अन्नवस्त्राच्या दाव्याचं एक राहिलं. १९७३ च्या फौजदारी संहितेतल्या १२५ कलमाखाली २०२४ पर्यंत मिळणाऱ्या पोटगीला महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ साली उठली. आता न्यायालय नवऱ्याची कमाई आणि बाईची, लेकरांची गरज बघून रक्कम ठरवतं. अर्जात घरखर्च लिहिताना बऱ्याच बाया किराणा आणि शाळेची फी लिहितात, कपडा लिहीतच नाहीत. तो लिहा. स्वतःच्या दोन सुती साड्या, लेकरांचे गणवेश, शिलाई, सगळं रकमेसह. अर्जाला कोणते कागद जोडायचे हे पुढच्या भागात सांगू. तोवर लग्नाचा पुरावा आणि लेकरांचे जन्मदाखले शोधून एका पिशवीत ठेवा.