टॉर आणि ब्राउझरची जुळणी

अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकाच्या मध्यात पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी 'अनियन राउटिंग' ही पद्धत आखली. संदेशावर कूटलेखनाची एकावर एक आवरणे चढवायची आणि वाटेतल्या प्रत्येक संगणकाने एकच उतरवायचे; त्यामुळे पाठवणारा आणि मुक्काम हे दोन्ही कोणा एकाला कळत नाहीत. सायव्हरसन, रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी तिच्यावर 'टॉर' हे जाळे उभारले. त्याचा कोड २००३ साली खुला झाला.

ब्राउझर टॉरशी जोडणे मात्र वापरणाऱ्याकडेच होते आणि खरी गोम तिथेच होती. पाने टॉरमधून येत असली, तरी त्या काळचे ब्राउझर संकेतस्थळाचा पत्ता शोधण्याची विचारणा अनेकदा थेट, उघड्यावर करत. एवढ्यानेच सगळी गुप्तता वाया जाई. म्हणून मध्ये 'प्रिव्हॉक्सी' हा प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ प्रोग्राम, बसवत: ब्राउझर ८११८ क्रमांकाच्या पोर्टवर प्रिव्हॉक्सीला गाठे, आणि प्रिव्हॉक्सी ९०५० वर टॉरला. त्यासाठी प्रिव्हॉक्सीच्या कॉन्फिग फाइलीत स्वतः एक ओळ लिहावी लागे. तिच्या शेवटी, जागा सोडून, एक टिंबही हवे असे. पत्रकार किंवा कार्यकर्ता यांच्याकडून ही अपेक्षा अवाजवीच होती.

२००५ च्या सुमारास आलेल्या 'व्हिडालिया'ने टॉरला खिडक्या-बटणे दिली. २००६ मध्ये फायरफॉक्ससाठी 'टॉरबटन' आले आणि प्रॉक्सीची जुळणी एका क्लिकवर आली.

वेगाची तक्रार उरलीच. गाळणी लावायची म्हणून प्रिव्हॉक्सी पान पूर्ण येईपर्यंत थांबे. त्याच्या जागी आलेला 'पोलिपो' मजकूर येईल तसा पुढे सोडत असे. काही जण फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगांत हात घालून पाइपलायनिंग (आधीच्या उत्तराची वाट न पाहता पुढच्या विनंत्या पाठवणे) चालू करत, जोडण्यांची संख्या वाढवत. पण असा हाताने सजवलेला ब्राउझर इतरांपेक्षा वेगळा वागतो आणि त्यावरून ओळखता येतो. निनावीपण गर्दीत मिसळण्यावर टिकते. तेव्हा सर्वांची सेटिंगे सारखी असणे ही सोयीहून मोठी गरज होती.

ही गरज 'टॉर ब्राउझर बंडल'ने भागवली. २००८ पासून घडत गेलेल्या या संचात टॉर आणि आधीच जुळवलेला फायरफॉक्स एकाच फोल्डरमध्ये मिळे. पेनड्राइव्हवरूनही तो चाले. २०११ मध्ये टॉरबटनची चालू-बंद करण्याची पद्धत सोडून देण्यात आली, कारण एकाच ब्राउझरमध्ये निनावी आणि उघडा वावर वेगळा राखणे फार अवघड ठरले होते. पुढे पोलिपोही गेला आणि फायरफॉक्स थेट टॉरशी जोडला गेला. टॉरच्या वाटेवरील तीन संगणकांच्या फेऱ्यामुळे होणारा उशीर मात्र कोणत्याही सेटिंगने हटला नाही.