पुडीचा कागदच औषध झाला, त्याची गोष्ट

१/ पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा ही जुन्नरहून आलेल्या कागदी कारागिरांची वस्ती. कुटलेल्या गोणपाटाचा लगदा पाण्यात कालवायचा, जाळीवर पातळ थर उचलायचा, वाळवून, खळ लावून घोटायचा, की ताव सिद्ध. तोंडात विरघळणाऱ्या औषधी पट्टीचे तंत्र वेगळे असले, तरी तत्त्व हेच: ओला थर पसरा, वाळवा, कापा.

२/ वैद्याच्या पुडीचा कागद चूर्ण घरापर्यंत नेतो. कडू चव मात्र जिभेच्याच वाट्याला येते. म्हणून मध, तूप यांसारखी अनुपाने आली.

३/ मग वेष्टनच खाण्याजोगे झाले. १८७० च्या दशकात फ्रान्समध्ये लिमूझाँ याने पिठाच्या पापडीत औषध बंद केले. १९०२ मध्ये जपानमधील एका वैद्याने स्टार्चचा मऊ, पारदर्शक पापुद्रा बनवला. त्यात चूर्ण गुंडाळून गिळत.

४/ दुसरा प्रवाह लंडनचा. नायट्रोग्लिसरीनच्या द्रावणाने ओले झालेले बूच डॉ. विल्यम मरेल यांनी जिभेला लावले आणि थोड्याच वेळात नाडी ठणकू लागली. १८७९ मध्ये त्यांनी हृदयशूळावर हे औषध सुचवले. तोंडाच्या अस्तरातून औषध थेट रक्तात जाते, यकृताचा पहिला टप्पा टळतो.

५/ २००१ मध्ये अमेरिकेत मुखशुद्धीच्या पट्ट्या लोकप्रिय झाल्या. २०१० मध्ये तेथे वांतीवरील ऑनडॅनसेट्रॉनच्या आणि अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरील ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनच्या पट्टीला मान्यता मिळाली. महाराष्ट्रात नागपूरची झिम लॅबोरेटरीज अशा पट्ट्या बनवते.

६/ येथे एक भेद ध्यानात घ्यावा. ब्युप्रेनॉर्फिन तोंडातूनच शोषले जावे लागते. ऑनडॅनसेट्रॉन मात्र जिभेवर विरघळून मुख्यतः लाळेसह पोटात जाते. विरघळणे आणि शोषले जाणे एक नव्हे.

७/ पट्टीला मर्यादाही आहेत. एवढ्याशा पापुद्र्यात थोडीच मात्रा मावते, आणि दमट हवेत तो चिकट होतो. म्हणून प्रत्येक पट्टी स्वतंत्र पाकिटात येते.

८/ खरी कसोटी थराच्या समानतेची. ताव असमान निघाला, तर शाई फुटते. औषधाचा थर असमान पसरला, तर एका रुग्णाला मात्रा कमी पडते, दुसऱ्याला अधिक होते. गोळी गिळता न येणारे मूल, पक्षाघाताचा रुग्ण, पाण्याविना प्रवासात असलेला माणूस यांचा भरवसा त्या समानतेवरच असतो.